जामीनदार

वाहनकर्जाच्या टेबलाशी बसणाऱ्या माणसाला वाहनातलं सगळं कळतं, असा लोकांचा एक गोड गैरसमज आहे. वास्तविक माझ्या स्वतःच्या स्कूटरचा कुठला टायर पंक्चर झालाय, हे कळायलासुद्धा मला खाली उतरून दोन्ही दाबून बघावे लागतात. पण गेली बारा वर्षं मी त्या टेबलाशी आहे, आणि रिक्षा, टेंपो, ट्रॅक्टर यांच्या कागदांवर माझ्या सहीचं कोंबडं उमटलेलं आहे. त्यामुळे आमच्या नात्यागोत्यात कुणालाही सायकलीपलीकडचं काही घ्यायचं झालं, की आधी माझा सल्ला घेतला जातो आणि मग स्वतःच्या मनाला येईल ते घेतलं जातं.

हा लौकिक साता समुद्रापलीकडे गेला असेल, याची मात्र मला कल्पना नव्हती.

आमचा मावसभाऊ बाळूदादा गेली वीस वर्षं कॅनडात कॅलगरीला असतो. त्याच्या मुलाची मुंज 2025 च्या चैत्रात ठरली आणि त्याने मला तिकीट पाठवलं. मार्चअखेर बँकेतल्या माणसाने रजा मागणं म्हणजे ऐन लगीनसराईत भटजींनी रजा मागण्यासारखं. तेव्हा वर्षाचे हिशेब मिटवून मी 2 एप्रिलला निघालो. विमानतळावर बाळूदादाने मिठी मारली, बॅग उचलली, आणि गाडीत बसल्याबसल्या माझ्या मांडीवर दोन रंगीत माहितीपत्रकं टाकली.

"तू कॉमर्सचा आहेस. सांग, यातली कुठली घेऊ?"

मला वाटलं, मुंजीत बटूला द्यायची सायकलबियकल असेल. उघडून बघतो तो काय! पुढे दोन घसरपट्ट्या, मागे रणगाड्यासारखा एकच रुंद पट्टा, वर फटफटीसारखं हँडल, आणि त्यावर अंतराळवीरासारखा पोशाख केलेला एक इसम डोंगराच्या कड्यावरून थेट आभाळात निघालेला.

"हे काय?"

"स्नोमोबाइल. इथे आम्ही स्लेड म्हणतो. डोंगरातली. माझी जुनी झाली रे आता."

मागच्या सीटवरून वहिनी शांतपणे म्हणाल्या, "भाऊजी, स्लेड जुनी झाली, हे यांना दिसतं. आपण पन्नाशीला टेकलो, ते मात्र दिसत नाही."

पहिला अर्धा तास कॅलगरीत असा गेला.

घरी पोचल्यावर आंघोळीच्या आधी मला गॅरेजमध्ये नेण्यात आलं. तिथे ती जुनी स्लेड होती. कंपनीचं नाव सांगत नाही. पंधरा वर्षं राबलेल्या जिवाची उणीदुणी चारचौघांत काढू नयेत. सीटला दोन ठिकाणी चिकटपट्टी होती, आणि चालू करायला दोरी ओढावी लागे. बाळूदादाने एकदा ओढली, दोनदा ओढली. नवव्या खेपेला तिने एक ठसका दिला, निळसर धूर सोडला आणि ती सुरू झाली.

आणि त्या धुराचा वास आला मात्र, मी एकदम चाळीस वर्षं मागे गेलो. टू-स्ट्रोक इंजिन! पेट्रोलात जळणाऱ्या ऑइलचा तोच वास. माझ्या वडिलांच्या स्कूटरचा. त्या काळी स्कूटरसाठी नंबर लावावा लागे, आणि तो लागेपर्यंत लग्न होऊन मुलं शाळेत जाऊ लागत. बाळूदादा मे महिन्यात आमच्याकडे आला, की तो पुढे उभा, मी मागे बसलेला, आणि मधे वडील. 2003 साली आम्ही ती भंगारात दिली. वडील फाटकात उभे राहून टेंपो वळेपर्यंत बघत होते, आणि मग "चला, जागा झाली" एवढंच म्हणाले होते.

"काकांची आठवण येते की नाही?" बाळूदादा म्हणाला. म्हणजे त्यालाही तोच वास येत होता तर.

असो. मुद्दा होता नव्या स्लेडचा.

त्या रात्री मला झोप आली नाही. आपल्याकडे दुपार होती, आणि बँकेतल्या माणसाला दुपारी फारतर डुलकी येते. मी वहीत दोन रकाने आखले. या व्यापारातल्या दोन खेळाडूंना बाळूदादाने आधीच बाद केलं होतं. यामाहाने 2023 साली स्नोमोबाइलच्या धंद्यातून बाहेर पडत असल्याचं जाहीर केलं होतं, आणि आर्क्टिक कॅटचं उत्पादन 2024 च्या शेवटी थांबवण्यात आलं होतं. उरल्या दोन. क्वेबेकच्या व्हॅलकोर्ट गावची स्की-डू समिट, आणि मिनेसोटातल्या रोझो गावच्या कंपनीची पोलारिस आरएमके. आरएमके म्हणजे 'रॉकी माउंटन किंग'. नावातच राजेपद घेऊन आलेल्या गाडीला कर्ज देताना आमचे साहेब दोनदा विचार करतील.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून शिकवणी सुरू झाली.

"हे बघ, पट्टा 154 इंची घ्यायचा की 165 इंची, हा पहिला प्रश्न."

मी मनात भागाकार केला. 165 इंच म्हणजे पावणेचौदा फूट. नऊवारीच्या निम्म्याहून किंचित जास्त. हा सबंध वेढा गाडीखालून फिरत असतो, आणि त्याला तीन-तीन इंची वल्ह्यांसारखे रबरी दात असतात. भुसभुशीत बर्फात पट्टा जितका लांब, तितकी गाडी तरंगते आणि चढ चढते. आखूड असेल तर झाडांमधून पटकन वळते. म्हणजे लांब घ्यावा तर वळत नाही, आखूड घ्यावा तर रुतते. मुदत ठेवीसारखंच हे. जास्त मुदतीला व्याज जास्त, पण मधेच गरज पडली की पैसे हलत नाहीत.

"आणि दुसरा प्रश्न टर्बोचा," बाळूदादाचे डोळे चमकले. "समिटच्या 850 सीसी इंजिनाची ताकद 165 अश्वशक्ती. पण ती खाली. दोन हजार मीटरवर हवा विरळ होते, पाचवा हिस्सा कमीच. तितकी ताकद गेली."

"म्हणजे टीडीएस," मी म्हटलं. "पगार 165, पण हातात पडतात 135."

"बरोबर! आणि टर्बो काय करतो, तर ती विरळ हवा दाबून इंजिनात कोंबतो. स्की-डूने 2020 च्या मॉडेलला कारखान्यातूनच टर्बो बसवला. आठ हजार फुटांपर्यंत पूर्ण 165!"

"म्हणजे टर्बो हा सीए झाला. कापलेलं परत मिळवून देतो, आणि त्याची फी घेतो."

फी चांगलीच होती. साधी स्लेडच वीस हजार डॉलरच्या आसपास, म्हणजे आपले बाराएक लाख. टर्बोचे वर आणखी काही हजार. आणि एवढे पैसे मोजून स्लेड कधी मिळणार? तर पुढच्या हिवाळ्याआधी! एप्रिलमध्ये पैसे भरून, रंग, पट्टा, इंजिन सगळं लिहून द्यायचं. काही प्रकार तर असा आगाऊ नंबर लावणाऱ्यालाच मिळतात. मग उन्हाळाभर वाट बघायची. मुदत संपायला बारा दिवस उरले होते. मला भरून आलं. ज्या नंबर लावण्याला कंटाळून आमची अर्धी पिढी परदेशी गेली, तो तिथे जाऊन पोचलाच होता.

मुंज यथासांग झाली. भिक्षावळीत बटूला डॉलर मिळाले. तेवढ्यात बाळूदादा माझ्या कानाशी येऊन "पट्टा 165 च बरा ना रे?" असं कुजबुजला, आणि वहिनींनी ते ऐकलं.

संध्याकाळी पाहुणे गेल्यावर त्या भांडी आवरता आवरता म्हणाल्या, "भाऊजी, तुमच्या त्या वहीत एक तिसरा रकाना काढा. काहीच न घेण्याचा."

"वहिनी, पैशांचा प्रश्न आहे का?"

"पैशांचं काय, त्यांनी आयुष्यभर दुसरा कसलाच शौक केला नाही. सिगारेट नाही, काही नाही. पण त्यांच्याबरोबर जाणारे ते पंजाबी गृहस्थ होते ना, ते मागच्या वर्षी स्लेड विकून नातवंडांजवळ सरेला राहायला गेले. आता यांच्याबरोबर कोणी नाही. यंदा दोनदा हे एकटेच गेलेत. मला 'आहेत कुणी कुणी' असं सांगून." त्यांनी पातेलं जरा जोरात ठेवलं. "तिथे फोन लागत नाही. मी इथे घड्याळाकडे बघत बसते."

यावर मी काय बोलणार? रात्री पुन्हा झोप नव्हती, म्हणून या स्लेडचा पूर्वेतिहास वाचत बसलो. कर्ज मंजूर करण्याआधी खानदान बघायची आमची पद्धतच आहे. आणि ते खानदान वाचता वाचता माझी थट्टेची वृत्ती हळूहळू मावळली.

व्हॅलकोर्टला जोसेफ-आर्मां बोंबार्दिए नावाचा एक गॅरेजवाला होता. जन्म 1907 चा. पंधराव्या वर्षी, 1922 साली, त्याने वडिलांच्या जुन्या फोर्डचं इंजिन आणि विमानासारखा पंखा जोडून बर्फावर चालणारं एक यंत्र बनवलं होतं. नाद तेव्हापासूनचा. पुढे 1934 च्या हिवाळ्यात त्याच्या दोन वर्षांच्या मुलाला अपेंडिक्सचा विकार झाला. रस्ते बर्फाखाली गेलेले. दवाखाना दूर शहरात. आणि गॅरेजमधलं यंत्र अजून अर्धवट. मूल गेलं. त्यानंतर तीनच वर्षांनी, 1937 साली, बर्फावर पट्ट्यावर चालणाऱ्या गाडीचं पेटंट त्याच्या नावावर झालं, आणि सात माणसं नेणारी त्याची गाडी बाजारात आली. डॉक्टर, पाद्री, टपालवाले असले लोक त्या गाड्यांतून बर्फ तुडवत जाऊ लागले. 1959 साली त्याने एकट्यादुकट्याची हलकी गाडी काढली. तिचं नाव म्हणे 'स्की-डॉग' ठरलं होतं, छापताना 'स्की-डू' झालं, आणि तेच राहिलं. कारकुनी चूक कायम होऊन जगभर गाजल्याचं हे एक उदाहरण मी आमच्या साहेबांना जरूर सांगणार आहे.

सकाळी चहाच्या वेळी हे सगळं वहिनींना सांगितलं. त्या बराच वेळ कपाकडे बघत राहिल्या.

"म्हणजे हे यंत्र वेळेवर पोचायला काढलं होतं," त्या म्हणाल्या. "आणि आमच्याकडे ते उशिरा यायच्या कामी येतं."

पुढच्या शनिवारी आम्ही तिघं रेव्हलस्टोकला निघालो. "एकदा डोळ्यांनी बघ, मग सल्ला दे," असं बाळूदादाचं म्हणणं. मागे ट्रेलरवर जुनी स्लेड, पुढे चारशे किलोमीटर रस्ता. वाटेत रॉजर्स खिंड लागते. तिथे 1910 च्या मार्चमध्ये रेल्वेमार्गावरचं बर्फ उपसणारे 58 कामगार दुसऱ्या हिमलोटाखाली गाडले गेले. आधीच्या लोटाने बंद झालेला मार्ग ते मोकळा करत होते. बाळूदादाने हे सांगितलं आणि मग आपण हे का सांगितलं, असा चेहरा करून तो गप्प बसला.

रविवारी सकाळी बोल्डर माउंटनच्या पायथ्याशी पोचलो. वाहनतळावर पंचवीस-तीस गाड्या, आणि सगळीकडे तोच टू-स्ट्रोकचा वास. बाळूदादाला पाचसहा ओळखीचे लोक भेटले, त्यांच्याबरोबर तो वर गेला. "तीनला परत," म्हणाला.

वहिनी आणि मी गाडीत बसून चिवडा खाऊ लागलो. समोर एक बाई काही नवशिक्यांना शिकवत होत्या. छातीला बांधायचं एक छोटं यंत्र असतं. ते सतत संदेश सोडतं. कुणी बर्फात गाडलं गेलं, की इतरांनी आपापली यंत्रं शोधावर लावून त्याचा माग काढायचा, लांब काठी खुपसून खोली बघायची आणि फावड्याने उकरायचं. यंत्र, काठी आणि फावडं ही तीन प्रत्येकाजवळ हवीतच. बाईंनी एका पिशवीत ते यंत्र घालून ती पुरली होती. आम्ही बघतोय असं पाहून त्यांनी आम्हालाही बोलावलं.

मी यंत्र घेऊन निघालो. बाण डावीकडे दाखवी तेव्हा मी उजवीकडे वळे, कारण तिथे बर्फ कमी खोल वाटत होतं. शेवटी पिशवी काढली, तेव्हा घामाघूम झालो होतो आणि मनातून खूशही होतो. बाईंनी घड्याळ दाखवलं. सोळा मिनिटं.

"पहिल्या दहा मिनिटांत बाहेर काढलं, तर साधारण दहातले नऊ वाचतात," त्या म्हणाल्या. "अर्ध्या तासाने तीनच."

मी पिशवीकडे बघितलं. ती बरीचशी गेल्यात जमा होती.

मग वहिनी उठल्या. साडीवर घालायचा तो लांब कोट त्यांनी वर खोचला, यंत्र हातात धरलं, आणि सरळ रेषेत चालत गेल्या. काठी दोनदा खुपसली. फावडं मारलं. पाच मिनिटं. बाई टाळ्या वाजवू लागल्या. वहिनी मात्र म्हणाल्या, "घरात हरवलेलं सगळं मीच शोधते, भाऊजी. सवय आहे."

तीन वाजले. साडेतीन झाले. चार वाजले. वाहनतळावरच्या गाड्या कमी होऊ लागल्या. चिवडा संपला होता, तरी मी डबा उघडून पुन्हा पुन्हा आत बघत होतो. वहिनी काही बोलत नव्हत्या. घड्याळाकडे बघत बसते, असं त्या म्हणाल्या होत्या, ते खोटं होतं. त्या घड्याळाकडे अजिबात बघत नव्हत्या. झाडांमधून जिथे वाट बाहेर येते, तिथेच त्यांची नजर होती. दर वेळी एखादी स्लेड बाहेर पडे, त्या जरा सरळ बसत आणि मग पुन्हा मागे टेकत. पहिल्यांदाच मला समजलं, की आतापर्यंत मी ज्या वहीत जमाखर्च मांडत होतो, त्यात हा रकानाच नव्हता.

पाच वाजून वीस मिनिटांनी जुनी स्लेड खोकत, ठसकत खाली आली. सहाजण गेले होते, सातजण परत आले होते.

"अगं, एक पोरगा रुतला होता," बाळूदादा हेल्मेट काढता काढता सांगू लागला. "नाल्यात. दोनशे किलोचं धूड; आम्ही सगळ्यांनी मिळून उकरलं, दीड तास गेला. नवी कोरी टर्बो, 165 चा पट्टा..."

"त्याच्याबरोबर कोण होतं?" वहिनींनी विचारलं.

"कोणी नव्हतं. एकटाच—"

तिथे तो थांबला. हातातलं हेल्मेट त्याने उगाचच उलटंसुलटं करून बघितलं. परत कॅलगरीला येईपर्यंत टर्बोचा विषय निघाला नाही.

रात्री मी वही काढली. म्हटलं, "बाळूदादा, मला इंजिनातलं कळत नाही, पण कर्जातलं कळतं. आमच्याकडे माणूस कितीही सधन असो, पगार 165 असो की 135, जामीनदाराशिवाय फाइल पुढे सरकत नाही असे कित्येक अर्ज असतात. तू दोन महिने ताकद मोजतोयस. तुझा जामीनदार कोण, ते आधी सांग."

तो गप्प राहिला.

"मी," वहिनी म्हणाल्या.

आम्ही दोघांनी एकदम वर बघितलं.

"टर्बो नको. त्या पैशांत माझा पोशाख, यंत्र, फावडं, आणि त्या बाई सांगत होत्या तो दोन दिवसांचा हिमलोटाचा वर्ग. जुनी विकायची नाही, ती मी चालवणार. पहिलं वर्ष सपाटीवर. आणि वर जाल तेव्हा क्लबातल्या लोकांबरोबरच. मी तयार होईपर्यंत एकट्याने नाही म्हणजे नाही."

आमच्या बँकेत नवरा कर्जदार आणि बायको जामीनदार असा अर्ज आला, की साहेब नाक मुरडतात. एकाच ताटातले दोघं. एक बुडाला की दुसरा आपोआप बुडतो, असा त्यांचा सिद्धांत. मी तो मांडून बघितला. त्यावर बाळूदादाच म्हणाला, "डोंगरात उलटा नियम आहे. धोक्याच्या उतारावर एका वेळी एकानेच जायचं. दुसऱ्याने सुरक्षित जागी थांबून त्याच्यावर नजर ठेवायची."

"ते मी वीस वर्षं करतेच आहे," वहिनी म्हणाल्या. "आता जरा जवळून करीन."

राहता राहिला कुठली, हा प्रश्न. तो दोन मिनिटांत सुटला. एका कंपनीचा विक्रेता घरापासून दहा मिनिटांवर होता, दुसरीचा दीड तासावर. स्पेअर पार्टसाठी कोण दीड तास जाणार? महिनाभर चाललेला महायज्ञ किराणा दुकान निवडावं तसा आटोपला. कुठली घेतली म्हणाल, तर ते सांगता यायचं नाही. ग्राहकाची माहिती बाहेर द्यायची नाही, हा आमचा नियम आहे.

डिसेंबरात वहिनींचा फोटो आला. डोक्यावर हेल्मेट, छातीला ते यंत्र, हातात फावडं, मागे चिकटपट्टीची जुनी स्लेड. खाली एवढंच लिहिलं होतं, "भाऊजी, जामीनदाराची सही झाली. नवव्या खेपेला सुरू होते, पण होते."

फोटो मी आमच्या साहेबांना दाखवला. त्यांनी चष्मा वर करून तो नीट न्याहाळला आणि म्हणाले, "जुन्या गाडीचा विमा चालू आहे ना, तेवढं विचारा."